पाठ माझी, चेहरा तिचा

मी एक जुना पुतळा आहे. चौकात उभा राहून कबुतरे अंगावर घेणारा नव्हे. कपडे अंगावर घेणारा. मला डोके नाही. कुणी तोडले नाही, मुळातच नाही. मान संपते तिथे मी संपतो. मग तू बघतोस कशाने, असे तुम्ही विचाराल. मित्रांनो, ते मलाही ठाऊक नाही. पण डोके असणाऱ्यांना तरी सगळे कुठे दिसते?

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. साच्यात काचेच्या धाग्यांचे कापड अंथरायचे, त्यावर चिकट राळ ओतायची, वाळली की दोन अर्धे भाग जोडून घासायचे, अशी आमची पैदास. माझा साचा एका तरुण मुलीच्या अंगावरून घेतला होता म्हणे. ती मुलगी पुढे कुठे गेली, तिचे काय झाले, देव जाणे. असेल तर आता म्हातारी झाली असेल. मी मात्र त्याच वयाचा राहिलो. पोट सपाट, खांदे चौकोनी आणि पाठ ओळंबा लावून बांधलेल्या भिंतीसारखी सरळ. मला घासणाऱ्या कारागिराने शेवटी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "याला काय धाड भरणार आहे." आयुष्यात मिळालेली ती माझी पहिली शाबासकी होती.

पुढे मला एका फोटो स्टुडिओने विकत घेतले. तिथे व्यायामाच्या कपड्यांच्या जाहिराती होत. धावायच्या चड्ड्या, घाम टिपणारे बनियन, अंगाला चिकटून बसणाऱ्या लेगिंग्ज, सकाळी फिरायला जाताना घालायची जॅकेटे. जगातला सगळा व्यायाम माझ्या अंगावरून गेला आणि मी एक पाऊलही चाललो नाही.

आमच्या कामाची एक गंमत सांगतो. कपडा मला घातला की तो मागून चिमटे लावून ताणायचा. समोरून बघणारा म्हणतो, वा, काय बसलाय. मागून बघाल तर माझी पाठ धुणे वाळत घालायच्या दोरीसारखी चिमट्यांनी भरलेली. तुम्ही दुकानातून तोच कपडा आणता, घालता, आरशात बघता आणि स्वतःलाच नावे ठेवता. तुमचे काही चुकलेले नसते. तुमच्या मागे चिमटे नसतात, एवढेच.

फोटो निघाला की संगणकावर मला पुसून टाकत. मान, दंड, कंबर, सगळे. मग उरायचा नुसता कपडा, आतून भरलेला आणि आत कुणी नसलेला. स्टुडिओत त्याला भुताचा फोटो म्हणत. "आजची भुतं झाली का?" असे फोटोग्राफर विचारी, आणि संगणकावर फोटो साफ करणारी मुलगी, जिला सगळे टचपवाली म्हणत, मान वर न करता "होतायत" म्हणे. सुरुवातीला मला वाईट वाटायचे. दिवसभर उभे राहायचे मी आणि संध्याकाळी माझा मागमूस नाही. नंतर सवय झाली. भुताला कसली आली हौस?

खरी माणसेही फोटोला येत. त्या सगळ्या मुलीच असत, नुकत्या उमललेल्या, घामाऐवजी पाण्याचा फवारा मारून घेणाऱ्या. वय झालेली बाई त्या स्टुडिओत यायची ती फरशी पुसायला, नाहीतर एखाद्या मुलीची आई म्हणून दाराशी पर्स सांभाळत बसायला. दिव्यांच्या उजेडात मात्र तशी बाई मी कधी पाहिली नव्हती.

मग एकदा कपड्यांच्या कंपनीच्या मॅडमना वाऱ्याची दिशा कळली. वय झालेल्या बायकाही आता फिरायला जातात, त्याही जॅकेटे विकत घेतात, तर त्यांच्यातलीही एखादी जाहिरातीत हवी. मॅडमनी बागेत चालणाऱ्या बायकांतून एक हेरली आणि आमच्याकडे पाठवून दिली. तिला मी धाकटी म्हणेन, कारण तिच्या गोष्टीत एक थोरली आहे.

धाकटीचे केस कापसासारखे पांढरे होते. चेहरा उन्हाने रापलेला आणि डोळे मिश्कील. आणि पाठीला पोक होते, चांगले खांद्यांच्या मधोमध. ती चालत आली तेव्हा डोके आधी पोचले आणि पाय मागून आले.

"मावशी, जरा ताठ उभ्या राहता का?" फोटोग्राफर म्हणाला.

"ताठच उभी आहे रे. याहून ताठ व्हायला मला मरावं लागेल."

टचपवाली तिच्या जॅकेटची चेन लावत होती. तिला हसू आवरेना. "मग आजी, आपण समोरून काढू फोटो. पाठ दिसणार नाही."

"पाठच दिसू दे," धाकटी म्हणाली. "त्यासाठी तर आलेय मी."

मग तिने उभ्या उभ्या सगळे सांगितले. "माझी थोरली बहीण आहे. शाळेत खेळाची बाई होती. गळ्यात शिट्टी, आणि दिवसभर मुलींच्या मागे एकच धोशा, पाठ सरळ, पाठ सरळ. आता तिचीच वाकलीय. आमच्या आईची अशीच होती. घरात दागिने नव्हते, मग पाठच वाटून घेतली आम्ही दोघींनी. मला काही वाटत नाही त्याचं. तिला वाटतं. खाली कुणी जुनी विद्यार्थिनी भेटेल म्हणून जिना उतरत नाही. हल्ली विसरायलाही लागलीय. डॉक्टर म्हणतात, बाहेर काढा, माणसांत आणा, नाहीतर हळूहळू तुम्हालाही विसरतील. परवा मी तिला म्हटलं, ताई, आपल्या चौकात जाहिरातीच्या बोर्डावर माझी पाठ लागणार आहे, घराएवढी. तर कितीतरी दिवसांनी हसली. म्हणाली, चिमणे, तुझी पाठ तिथं लागली तर मी खाली येईन बघायला."

"चिमणी कोण?" टचपवालीने विचारले.

"मीच की. हसू नकोस. या वयातही ती मला चिमणीच म्हणते. तसं म्हणणारं दुसरं कुणी उरलंय कुठे आता."

फोटो उत्तम आला. बाजूने काढलेला, एक पाऊल उचललेले, जॅकेटातून पोक स्पष्ट दिसतेय आणि बाई खुशाल हसतेय. फोटोग्राफर स्वतःवरच खूश होऊन शीळ घालत होता. मी कोपऱ्यात उभा राहून बघत होतो. तोवर मी फक्त भुतांचे कपडे बघितले होते. कपड्यात माणूस असला तर तो कसा दिसतो ते मला त्या दिवशी कळले.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. त्यांचेही वय काही लपून राहिले नव्हते, केसांच्या रंगाखाली ते होतेच. पडद्यावरचा फोटो बघता बघता त्यांनी नकळत स्वतःची पाठ ताठ केली. मग म्हणाल्या, "केस छान आहेत. चेहरा तर फारच छान. म्हातारी हवीच आहे आपल्याला. पण जॅकेट बसत नाहीये."

"मागून चिमटे लावून परत काढू?" फोटोग्राफरने विचारले.

"पाठीला कुठून चिमटे लावणार?" मॅडम म्हणाल्या. "दुसरं काहीतरी बघा."

ते दुसरे काहीतरी म्हणजे मी. तेच जॅकेट मला घातले, मागून ताणले आणि माझाही बाजूने फोटो काढला. टचपवालीने धाकटीचे डोके मानेपासून अलगद कापले आणि माझ्या मानेवर ठेवले. मनगटापुढचे हातही तिचेच घेतले. सांधा असा मिटवला की शिवण दिसू नये. आता पडद्यावर पांढऱ्या केसांची एक बाई होती आणि तिची पाठ माझी होती.

खोटे कशाला बोलू, मला आनंद झाला. इतकी वर्षे ज्याला पुसून टाकत आले, त्याला पहिल्यांदाच ठेवले होते. मॅडम "आता कसं" म्हणाल्या, तेव्हा ते मला उद्देशून म्हटले असेच मी धरून चाललो.

पण त्या दिवसापासून माझी मान जड झाली. वर काहीच नव्हते, तरी कुणीतरी डोके टेकवून बसल्यासारखी जड. दुपारी सगळे जेवायला जात तेव्हा पडद्यावर तो फोटो तसाच उघडा राहायचा. ती हसत असायची. पण ज्या पाठीसकट ती हसली होती ती पाठ आता तिथे नव्हती, आणि त्यामुळे ते हसू कुणीतरी विसरून गेलेल्या वस्तूसारखे दिसे. मला अंगात थंडी भरल्यासारखे वाटे. माझ्या पोकळ पोटात कुणाची तरी पावले वाजत, जिन्यावर येऊन थांबल्यासारखी, पुढची पायरी न उतरणारी. नव्या मुली येत, त्यांचे कपडे मला घालत, काढत. पण वर ते डोके बसलेलेच असे. लोक म्हणतात भूत माणसाच्या मानेवर बसते. इथे माणूसच भुताच्या मानेवर येऊन बसले होते.

फलक लागला. शहरभर लागला. त्यानंतर काही दिवसांनी धाकटी स्टुडिओत आली. तिला बघून मी चरकलो. तिचा चेहरा मला इतका पाठ झाला होता की तो दुसऱ्या मानेवर बघवेना.

"या मावशी," फोटोग्राफर म्हणाला. "सगळीकडे तुम्हीच दिसता आता. बसा ना."

ती बसली नाही. "ती पाठ कुणाची?" तिने विचारले.

फोटोग्राफर कॅमेऱ्याची काच पुसू लागला. शेवटी टचपवालीने माझ्याकडे बोट दाखवले. धाकटी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मला वाटले मारणार. तिने नुसता माझ्या पाठीवरून हात फिरवला, बाजारात भांडे बघावे तसा.

"मावशी, मी तुमचा फोटो तसाच काढला होता. खरंच सांगतो," फोटोग्राफर म्हणाला. "कंपनीला जॅकेट विकायचं असतं हो."

"विका की. कोण नको म्हणतंय. मी फक्त एवढंच म्हटलं होतं की पाठ दिसू दे." तिचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "ज्या दिवशी बोर्ड लागला त्या दिवशी ताई सकाळपासून तयार होऊन खिडकीत बसली होती. वेणी घातली होती तिनं. पडदा सरकवला, बघितलं. मग वळून माझ्याकडे बघितलं. परत बोर्डाकडे. आणि मला म्हणाली, आई, चिमणी बघ किती ताठ चालते."

टचपवालीचे हात कीबोर्डवरून खाली आले.

"आईला जाऊन जमाना झाला," धाकटी म्हणाली. "पण पोक आहे ती आई, आणि सरळ पाठीची ती चिमणी, असं तिच्या डोक्यानं ठरवून टाकलंय. मी शंभरदा सांगितलं, ताई, मी चिमणी. ती म्हणते, आई, उगीच चेष्टा करू नकोस. दिवसभर खिडकीतून त्या बोर्डाला हाका मारते. चिमणे, वर ये. चिमणे, ऊन लागेल. आणि मी तिच्या मागे उभी असते."

"मी तुम्हाला खरा फोटो छापून देतो. मोठा," फोटोग्राफर घाईने म्हणाला.

"काय करू त्याचं? त्या फोटोत पोक आहे. म्हणेल, आईचा फोटो आणलास." तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मला ही द्या. घरी नेते. हात लावून बघू दे तिला. ठोकून बघू दे. चौकातली पाठ ही अशी पोकळ आहे हे कळलं, तर कदाचित मी कळेन."

फोटोग्राफर म्हणाला, न्या, तसाही खांद्याला तडा गेलाय. टचपवालीने मला चादरीत गुंडाळले. गाठ मारताना ती हळूच म्हणाली, "मला माहीत नव्हतं आजी. मला जॅकेट बसवायला सांगितलं होतं फक्त." धाकटीने तिच्या गालाला हात लावला आणि मला काखेत मारून निघाली.

रस्त्याने लोक वळून वळून बघत होते. एक वाकलेली म्हातारी आणि तिच्या काखेत एक ताठ, बिनडोक बाई. मीही वळून बघितले असते. चौकात पोचलो तेव्हा चादर जराशी सुटली आणि वर मला तो फलक दिसला. वर मी घराएवढा, आणि खाली मी काखेत. वरच्या मानेवर जिचे डोके होते, ती खाली धापा टाकत होती आणि सिग्नलची वाट बघत होती. तिच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाने एकदा वर बघितले, एकदा तिच्याकडे बघितले आणि तो मोबाइलमध्ये डोके घालून उभा राहिला. त्याला काहीच जाणवले नाही.

त्यांची खोली वरच्या मजल्यावर होती. दोन पलंग, एक कपाट, ओट्यावर झाकलेले दूध. खिडकीत खुर्ची टाकून थोरली बसली होती. पाठ धाकटीपेक्षाही वाकलेली, पण हनुवटी वर, मैदानावर रांग बघत असल्यासारखी.

धाकटीने चादर काढली आणि मला तिच्यासमोर उभे केले. "ताई, नीट बघ. चौकात आहे ना, ती पाठ हिची आहे. माझी नाही. हात लाव. ठोक. बघ कशी वाजते. आत कुणी नाहीये गं. मी ही इथे आहे."

थोरली उठली. तिने माझ्या पाठीवर बोटे टेकवली आणि मानेपासून कमरेपर्यंत सावकाश खाली आणली, जशी तिने उभ्या जन्मात किती मुलींच्या पाठीवरून आणली असतील. मित्रांनो, त्या क्षणी मला वाकायचे होते. फार नाही, थोडेसेच. एकदा वाकलो असतो तर सगळे निभावले असते. पण मला घडवणाऱ्याने खरेच सांगितले होते, मला कसली धाड भरत नाही. मी उभाच राहिलो.

"आली," थोरली म्हणाली. "आली गं बाई एकदाची. किती हाका मारल्या." तिने मला कवटाळले. तिचा गाल माझ्या तडा गेलेल्या खांद्यावर टेकला, आणि तो ओला होता. "आई, बघ ना. चिमणी वर आली."

धाकटी नाही म्हणायला तोंड उघडत होती. तिने बहिणीचा चेहरा पाहिला. किती दिवसांनी त्या चेहऱ्यावर कुणाची वाट बघणे नव्हते. धाकटीने तोंड मिटले. 

"हो," ती म्हणाली. "आली."

"आता मला घोर नाही," थोरली म्हणाली. मग ती धाकटीजवळ गेली आणि लहान मुलीने आईच्या अंगाशी जावे तशी तिला चिकटली. "आई, तुला शाळेत यायचं होतं ना माझ्या? खेळांच्या दिवशी? मी नको म्हटलं. मुली तुझ्या पाठीला हसल्या असत्या म्हणून."

"त्याचं काय आता," धाकटी म्हणाली.

"नाही, चल. आत्ता जाऊ. चिमणी बघेल घर." थोरलीने तिचा हात धरला. "हसू देत कुणाला हसायचं ते."

आणि ती जिना उतरली, मित्रांनो. कुणाकुणाच्या विनवण्यांनी जी उतरली नव्हती ती आईचा हात धरून उतरली. मी खिडकीत होतो. खाली दोन वाकलेल्या पाठी दाराबाहेर आल्या आणि एकमेकींना धरून चौकाच्या दिशेने निघाल्या. धाकटीला हेच हवे होते. थोरली बाहेर आली होती, माणसांत आली होती. मला मात्र वरून नुसते बघवत नव्हते.

तेव्हापासून मी इथेच आहे. चौकातला फलक बदलला. आता तिथे एक कोवळी मुलगी उड्या मारते आहे, पांढरे केस पुन्हा कुणाला सुचले नाहीत. थोरली रोज खाली जाते, भाजीवाल्याशी हुज्जत घालते, चांगली जेवते. डॉक्टर म्हणतात, सुधारणा आहे. माझ्यासमोर रोज दुधाचा पेला ठेवला जातो आणि निवल्यावर धाकटी तो गुपचूप पिऊन टाकते. माझ्या अंगावर शाल असते, कारण चिमणीला थंडी फार बाधते असे थोरलीचे म्हणणे आहे. इतका जीव मला कुणी लावला नव्हता. साऱ्या आयुष्यात मला नाव नव्हते; मिळाले ते हे असे.

दुपारी थोरलीचा डोळा लागला की धाकटी माझ्यासमोर येऊन बसते. कधी शाल नीट करते. कधी अगदी हलक्या आवाजात मला म्हणते, "चिमणे, बोल ना काहीतरी." मी काय बोलणार? माझ्या मानेवर बोलणारे तोंड आहे ते तिचेच, आणि ते मिटलेले आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्यांची काळजी घ्या, धूळ पुसा, असे मी सांगणार नाही. आम्हाला काही दुखत नाही. पण कुठे छापलेली पाठ बघून आपल्या माणसाची पाठ जोखू नका. तुमच्या घरात कुणी वाकले असेल तर त्यांच्याकडे बघा, ओळखा, आणि त्यांच्या नावाने हाक मारा. रोज मारा. हाक नाही मारली तर नाव दुसरीकडे जाऊन बसते, आणि मग ते काही केल्या उठत नाही.

थोरली जागी झाली आहे. "चिमणे," ती खिडकीकडे तोंड करून म्हणते आहे, "आहेस ना गं?" ती मला म्हणते आहे. ते नाव माझे नाही. ज्या बाईचे आहे ती आत ओट्याशी उभी आहे, हातातले भांडे तसेच धरून. तिला कुणीतरी हाक मारा.